हुर्यो आणि जयजयकार



संतसज्जनहो, आजच्या निरूपणाचा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. म्हणतील, "बुवांचं वय झालं. नारदाच्या गादीवरून आता चेंडूफळीच्या गोष्टी सांगू लागले." तर बाबांनो, थोडा धीर धरा. विषय खेळाचा आहे खरा, पण प्रश्न माणसाचा आहे. ज्याच्या अंगी मोठा गुण आहे, परंतु ज्याचे वर्तन लोकांना उद्धट वाटते, त्याचा न्याय आपण पाहणाऱ्यांनी कसा करावा? हा प्रश्न ज्याला मैदानात सुटला नाही, त्याला तो घरात, गावात आणि दिंडीतही सुटत नाही.

गोष्ट २०२४ सालची. माझा एक नातू मुंबईस शिकतो. गुढीपाडव्याच्या आठ दिवस आधी, १ एप्रिलला, तो वानखेडे मैदानावर सामना पाहावयास गेला. मुंबईच्या संघाला ५ वेळा अजिंक्यपद मिळवून देणारा रोहित शर्मा कर्णधारपदावरून दूर झाला होता आणि त्याच्या जागी गुजरातच्या संघातून आणलेला हार्दिक पांड्या बसला होता. नेमणूक केली संघाच्या चालकांनी. पण लोकांचा राग निघाला तो नेमलेल्या माणसावर. त्यात अहमदाबादच्या पहिल्या सामन्यात त्याने रोहितला सीमारेषेवर क्षेत्ररक्षणास धाडले, एवढे निमित्त पुरे झाले. "हा गर्विष्ठ आहे, याला मोठ्यांचा मान राखता येत नाही," असा निवाडा झाला. वानखेडेवर नाणेफेकीला तो उभा राहिला तेव्हा अशी हुर्यो उडाली की, सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांस "नीट वागा" म्हणून सांगावे लागले. आपल्याच घरच्या मैदानावर, आपल्याच संघाच्या कर्णधाराची ही हुर्यो!

रात्री नातवाचा फोन आला. आवाज ओळखू येईना. म्हणाला, "आबा, अशी जिरवली त्याची! ओरडून ओरडून घसा बसलाय."

त्या हंगामात मुंबईचा संघ १० संघांत अगदी तळाला राहिला. पुढे जून महिना आला. माउलींच्या प्रस्थानाचे दिवस. आम्ही आळंदीत होतो. २९ जूनच्या रात्री राहुटीत तरुण टाळकरी मंडळी एका मोबाइलभोवती घोळका करून बसली होती. बार्बाडोसला वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर दक्षिण आफ्रिका. शेवटच्या षटकात त्यांना १६ धावा हव्या होत्या. चेंडू कोणाच्या हाती? त्याच हार्दिकच्या. पहिल्याच चेंडूला मिलरने उंच टोला हाणला, सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर अलगद झेलला, आणि भारत ७ धावांनी जिंकला. राहुटीत एकच गलका! मीही हसलो, खोटे कशाला बोलू?

४ जुलैला संघ मुंबईत आला. मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला. मिरवणूक पोचली ती त्याच वानखेडेवर, आणि जेथे हुर्यो उडाली होती तेथेच "हार्दिक, हार्दिक" असा जयघोष झाला. नातू तेथेही हजर. पुन्हा फोन, पुन्हा तोच घोगरा आवाज. "आबा, घसा बसला!"

मी विचारले, "का रे, एप्रिलपासून जुलैपर्यंत त्याच्या स्वभावात काय बदललं?"

पोरगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "स्वभावाचं मला काय माहीत, आबा? पण शेवटचं षटक काय टाकलं!"

सज्जनहो, लेकरू खरे बोलले. एप्रिलमध्ये त्याने ज्याला स्वभावाचा निवाडा म्हटले, तो स्वभावाचा नव्हताच. तो आपल्या दुखावलेल्या ममत्वाचा होता. रोहित आपला, म्हणून त्याच्या जागी आलेला परका. आणि परका, म्हणून गर्विष्ठ. पुढे त्याच परक्याने आपल्याला विजय दिला, म्हणून तो आपला. आणि आपला, म्हणून त्याचा गर्व दिसेनासा झाला! तराजू तोच, माल तोच. पारडे खाली-वर होते ते आपल्या बोटाने.

आता याच माणसाची दुसरी एक गोष्ट ऐका. जानेवारी २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या एका कार्यक्रमात तो स्त्रियांविषयी अशोभनीय बोलला. क्रिकेट मंडळाने त्याला आणि त्याच्यासोबत बसलेल्या के. एल. राहुलला निलंबित करून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत धाडले. त्याने माफी मागितली. एप्रिलमध्ये मंडळाच्या लोकपालांनी दोघांना प्रत्येकी २० लाख रुपये भरावयास सांगितले. त्यातले १० लाख कर्तव्यावर असताना प्राण वेचलेल्या निमलष्करी दलांतील १० जवानांच्या घरी, प्रत्येकी १ लाख. आणि १० लाख अंधांच्या क्रिकेटच्या निधीस. ही खरी चूक. तिला नाव होते, तिला दंड होता, आणि तो दंड कोणाच्या तरी उपयोगी पडला. आता मी विचारतो, २०२४ साली वानखेडेवर जे ओरडले, त्यांपैकी कितीजणांच्या मनात आयाबहिणींविषयीचे ते बोलणे होते? जी चूक त्याने केली ती मनात नाही, आणि जी नेमणूक त्याने स्वतः केली नाही तिच्यासाठी मात्र घसा बसेपर्यंत शिक्षा. याला न्याय कसा म्हणावा?

येथे महाभारतातील गदायुद्धाचे आख्यान आठवते. भीम आणि दुर्योधन, दोघेही बलरामाचे शिष्य. बळ भीमाचे अधिक, पण कौशल्य दुर्योधनाचे अधिक, असे खुद्द श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात. पाहा बरे, शत्रूचा गुण भगवंतांनी झाकला नाही! दुर्योधनाचे वर्तन अधम; पण त्याच्या हातातली गदा अधम नव्हे. जो गुण आहे तो गुण म्हणावा, जे वर्तन आहे ते वर्तन म्हणावे. कोणी शंभर धावा काढल्या म्हणून तो सज्जन ठरत नाही, आणि कोणी उद्धट बोलला म्हणून त्याच्या शंभर धावा पुसल्या जात नाहीत. ही दोन खाती वेगळी आहेत. एकातली बाकी दुसऱ्यात ओढू नये.

पुढे भीमाने नियम मोडून मांडीवर गदा हाणली आणि पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकावर पाय दिला. त्या क्षणी दोघेजण बोलले. पहिला बोलला धर्मराज. भाऊ आपला, पक्ष आपला, अठरा दिवसांच्या संहारानंतर विजय आपला. तरीही त्याने भीमाला आवरले. दुसरा बलराम. तो तर नांगर उगारून भीमाच्या अंगावर धावला. नाभीखाली प्रहार करू नये हा नियम ज्याने दोघांना शिकविला, त्याला शिष्य जिंकल्याचा आनंद झाला नाही, नियम मोडल्याचे दुःख झाले. भगवंतांनी त्याला आवरून भीमाच्या प्रतिज्ञेचे कारण सांगितले. दुर्योधनाचे पूर्वीचे अपराध सांगितले. त्या थोर प्रकरणाचा निकाल देण्याचा आपला अधिकार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, बलरामाने आधी निकाल पाहून मग राग ठरविला नाही.

त्याला हे कसे साधले? येथे वारकऱ्यांनी कान द्यावा. युद्ध उभे राहिले तेव्हा बलरामाने कोणताच पक्ष घेतला नाही. तो तीर्थयात्रेस निघून गेला. सरस्वतीच्या काठाकाठाने हिंडून, स्नानदान करून तो परत आला, तो नेमका या गदायुद्धाच्या वेळी. बाकी सगळे अठरा दिवस आपल्या बाजूने ओरडत होते. त्यांचे घसे बसले होते आणि डोळेही तांबडे झाले होते. यात्रेहून आलेल्या माणसाचे डोळे निवळलेले होते. आपणही वाट चालून येतो. वारी करून घरी आल्यावर आपले डोळे निवळले नाहीत, 'माझा' आणि 'त्याचा' यांना एकच माप लागले नाही, तर पाय तेवढे दुखले म्हणायचे.

"मग बुवा, मोठ्यांचा उद्धटपणा चालवून घ्यावा काय?" असे कोणी विचारील. मुळीच नाही. मोठा खेळाडू शिवी देतो, तेव्हा ती गल्लीतल्या दहा पोरांच्या तोंडी जाते. दोष दाखवावा; पण तो कृत्याचा दाखवावा, सगळ्यांना एका मापाने दाखवावा आणि दंड भोगून झाला की परतीची वाट मोकळी ठेवावी. धर्मशास्त्राने अपराधापुढे प्रायश्चित्त ठेवले आहे ते त्याचसाठी. प्रायश्चित्ताला जर शेवट नसेल, तर ते प्रायश्चित्त नव्हे, सूड होय.

याचे एक चांगले उदाहरण खेळातच घडले. मार्च २०१८ मध्ये केपटाऊनला चेंडू घासण्याच्या कपटाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला एक वर्षाची बंदी झाली. वर्ष भरले, तो परत आला. ९ जून २०१९ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताशी सामना होता. स्मिथ सीमारेषेजवळ उभा राहिला, तो आपले भारतीय प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. तेव्हा फलंदाजी करीत असलेल्या विराट कोहलीने प्रेक्षकांकडे वळून हातांनी खूण केली, "हे काय चालवलंय? टाळ्या वाजवा." सामन्यानंतर त्याने लोकांच्या वतीने खेदही प्रकट केला. आणि हा कोहली कोण? जानेवारी २०१२ मध्ये सिडनीला प्रेक्षकांनी डिवचले म्हणून त्यांना असभ्य बोट दाखविणारा आणि त्यापायी सामन्याच्या मानधनातला निम्मा भाग दंड भरणारा तोच तरुण. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या वेळी लोकांनी त्याला कायमचा 'उद्धट' म्हणून टाकून दिले असते, तर ओव्हलवर तो हात कोणी वर केला असता?

आता शेवटचे. आतापर्यंत दुसऱ्यांचे सांगितले. माझे सांगितले नाही तर निरूपण खोटे ठरेल. टाळ्या आणि हार खेळाडूलाच मिळतात असे नाही. कीर्तनकारालाही मिळतात, आणि त्यांचा मद आम्हालाही चढतो. काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. मांडव भरलेला, चाल रंगात आलेली, आणि मृदंगावरच्या कोवळ्या पोराचा ठेका सुटला. मी कीर्तन थांबवले आणि भर मंडपात म्हणालो, "हा मृदंग वाजवतोय की दार?" हजार माणसे हसली. पोराने मान खाली घातली. आणि कीर्तन संपल्यावर तीच हजार माणसे माझ्या पायांवर डोके ठेवून गेली. कोणी एक शब्द बोलले नाही. माझे कीर्तन रंगले होते ना! म्हणजे मीही त्या दिवशी शेवटचे षटक टाकले होते.

एकटे विणेकरी थांबले. सत्तरी ओलांडलेला माणूस. पायाला हात लावून म्हणाले, "बुवा, कीर्तन गोड झालं. पण त्या लेकराला तसं बोलायला नको होतं." एवढेच. त्यांनी माझे कीर्तन हलके केले नाही आणि माझी चूकही झाकली नाही. दोन खाती त्यांनी वेगळी ठेवली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पण माफी मागायला जायला मला दोन वर्षे लागली. मोठेपणाचा पाय जड असतो. गेलो तेव्हा त्याने पाणी दिले, आईने चहा केला. मृदंग खुंटीला टांगलेला होता; डाव्या पुडीला कणीक लागून किती दिवस झाले होते कोण जाणे. मी म्हणालो, "बाळा, चूक तुझ्या हाताची नव्हती, माझ्या तोंडाची होती." त्याने हात जोडले, पण मृदंग खाली काढला नाही. आता तो आपल्या गावच्या भजनात वाजवतो असे ऐकतो. माझ्या कीर्तनाला मात्र तो अजून बसलेला नाही. त्याचा मला राग नाही. परत केव्हा यावे हे ज्याला लागले त्याने ठरवायचे असते.

नातवाला मी ही गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आबा, मंडपात मी असतो तर मीपण हसलो असतो."

तेव्हा संतसज्जनहो, हात जोडून एवढीच विनंती. खेळ पाहा, आनंदाने पाहा. चांगला फटका शत्रूचा असला तरी वाहवा म्हणा. कोणी उद्धटपणा केला तर तो आपला असला तरी तेथल्या तेथे 'हे बरे नव्हे' असे म्हणा, आणि ज्याने भोगले त्याला पुन्हा उभे राहू द्या. आणि कीर्तन रंगले तरी बुवांची चूक बुवांना सांगणारा एखादा विणेकरी प्रत्येक मंडपात असू द्या. त्याच्यावाचून आम्हा मोठ्यांचे काही खरे नाही.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.