झुडपांतल्या खुणा

आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, अरण्यकांड, सर्ग ६० ते ६८.

सीतामाई दिसेना, तेव्हा प्रभू राम झाडांना विचारत सुटतात. कदंबाला, बेलाला, अर्जुनाला, अशोकाला. एकही झाड बोलत नाही. पुढे हरणं दक्षिणेकडे बघतात आणि मग खुणा सापडतात, त्या सगळ्या खाली, जमिनीवर. सीतेची फुलं, पावलांचे ठसे, मोडलेला रथ. आणि रक्तात पडलेला जटायू.

आपल्या धाराशिवकरांना हे वाचताना येडशीचं रामलिंग आठवणारच. जटायू इथंच पडला असं आपण ऐकत आलो. त्याची समाधीही आहे. (नाशिककडचे टाकेद सांगतात, आंध्रातले लेपाक्षी. असू दे, वाद नको.) १९९७ पासून हे रान अभयारण्य आहे. श्रावणात आपण जातो, दर्शन घेतो, माकडं बघतो. पायाशी करवंदाची जाळी असते, तरवड असतो, तिकडं कोण बघतंय? पण बालाघाटाच्या उतारावरची माती पावसात धरून ठेवतात ती हीच झुडपं. काटेरी जाळीच्या पोटात एखादं रोप शेळीच्या तोंडातून वाचतं, आणि काही वर्षांनी जाळीच्या वर डोकं काढतं. कौतुक मग झाडाचं.

सगळीच झुडपं भली, असंही नाही हं. घाणेरी बघा. मूळची अमेरिकेची, इंग्रजांनी बागेत शोभेला आणलेली. फुलं गोजिरवाणी, पण पसरली की खाली ना गवत येतं ना रोपं, आणि गुरांनी खाल्ली तर विषबाधा. "देव बोलतच नाही" ही तक्रार मनात अशीच पसरते.

माझा धाकटा भाऊ आठ महिने अंथरुणावर आहे. मोठे डॉक्टर झाले, मोठे महाराज झाले. बरा होईल का, हे ठामपणे कुणी सांगत नाही. रोज सकाळी शेजारच्या काकू भाकरी-पिठल्याचा डबा दारात ठेवून जातात. बेलसुद्धा वाजवत नाहीत. मी या डब्याला खूण मानते. भाऊ त्याने बरा होणार नाही, ते मला कळतं.

जटायूनं तरी सीता कुठं सोडवली? पंख गेले, जीव गेला. कुणी नेली आणि कुठल्या दिशेनं, तेवढं सांगितलं. रामानं त्याला वडिलांच्या जागी मानून अग्नी दिला.

उद्या कबंधाची कथा वाचू. राम कृष्ण हरी.