पुरेसे म्हणजे किती?

आषाढी वारीसाठी शेगावहून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी, दैठणा, गंगाखेड या मार्गाने परळीकडे जाते. महिनाभर आणि वर काही दिवस पायी चालणाऱ्या या वारकऱ्याजवळ असते तरी काय? दोन जोड कपडे, एक पांघरूण, पाण्याचे भांडे आणि गळ्यात टाळ. घरी याच गृहस्थाला कपाट अपुरे पडते, भाजीत मीठ कमी पडले तरी जेवण गोड लागत नाही. वाटेवर मात्र पिठले-भाकरी आणि ठेचा त्याला रुचतो, शाळेच्या ओट्यावर गाढ झोप लागते, आणि आपल्याला काही कमी आहे असे त्याच्या मनातही येत नाही. अर्थात, ती भाकरी वाटेवरच्या गावांतील माउलींनी पहाटे उठून थापलेली असते, हेही विसरून चालणार नाही. तरीही प्रश्न उरतोच. सुखासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी घरी एवढी लांब आणि वाटेवर इतकी आखूड कशी होते?

पालखीचा मुक्काम जेथे पडतो ते गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. दमा आणि करुंड या दांपत्याची ही लेक लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी राहावयास गेली आणि नामदेवांच्या त्या घरात तिने जन्मभर दळणकांडण, झाडलोट व पाणी भरण्याचे काम केले, अशी परंपरा आहे. पंढरपूरजवळच्या गोपाळपूर येथे तिचे जाते भाविकांना आजही दाखविले जाते. साध्या राहणीचा गौरव करावयाचा झाला की प्रवचनकार हटकून जनाबाईंचे नाव घेतात.

येथे थोडे थांबावयास हवे. जनाबाईंनी दारिद्र्य निवडले नव्हते; ते तिच्या वाट्याला आले होते. तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत आणि त्यांतील काहींत ती प्रत्यक्ष विठ्ठलाला खडे बोल सुनावते. ज्या स्त्रीच्या मालकीचे घर नव्हते, तिने देवाशी भांडण्याचा हक्क मात्र सोडला नाही. तिची थोरवी या निर्भयतेत आहे. तिच्या हाती काही नव्हते यात थोरवी शोधणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय.

हा भेद मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात येथील कुटुंबांनी रेशनवरील लाल मिलोच्या भाकरी खाऊन आणि दुष्काळी कामांवर खडी फोडून दिवस काढले. त्याला काटकसर म्हणता येत नाही. ती उपासमारीशी झुंज होती. ज्याच्या ताटात दुसरी भाकरीच नाही, त्याला मिताहाराचा महिमा सांगणे हा सांगणाऱ्याचा अविचार होय. काटकसर हा गुण ठरावयाचा तर तेथे निवड असावी लागते. अधिक घेता येत असतानाही जो पुरेसे तेवढेच घेतो, त्यालाच हा शब्द शोभतो.

अशा निवडीत सुखाचा बळी जातो काय? शास्त्रांचा तसा आग्रह दिसत नाही. ईशावास्य उपनिषदाचा पहिलाच मंत्र त्यागाबरोबर भोगाचीही आज्ञा करतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला जसा योग साधत नाही असे म्हटले आहे, तसेच मुळीच न खाणाऱ्यालाही तो साधत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. तुकोबांनी प्रपंच करणाऱ्यास धन मिळवू नको असे कधीच सांगितले नाही. ते सचोटीने मिळवावे आणि खर्च करताना वृत्ती उदास ठेवावी, असे सांगितले. संतांच्या भाषेत ‘उदास’ म्हणजे खिन्न नव्हे. उदास म्हणजे अनासक्त. कंजूष मनुष्य खर्च करीत नाही, पण चोवीस तास पैशाचाच विचार करतो. म्हणजे आसक्तीच्या बाबतीत तो उधळ्याचा सख्खा भाऊच ठरतो.

उत्तम जगणे आणि महाग जगणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, याची साक्ष या जिल्ह्यातील जुन्या घरांत अजूनही मिळते. आजीच्या विटलेल्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेल्या गोधडीची ऊब विकतच्या ब्लँकेटला येत नाही. हिवाळ्यात शेताच्या बांधावर आगटी पेटवून कणसे भाजली जातात, गरम हुरडा हातावर चोळून, तिळाच्या नाहीतर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर सर्वजण मिळून खातात. या मेजवानीला खर्च तो किती? परंतु ज्वारी वेळेवर पेरलेली असावी लागते, चटणी घरी कुटलेली असावी लागते आणि सोबत चार माणसे असावी लागतात. पैसा कमी लागतो तेथे कष्ट, वेळ आणि माणसे अधिक लागतात. काटकसरीचे गोडवे गाणारे पुष्कळदा हे सांगावयाचे विसरतात. घरातील एकटी गृहिणीच कुटते, शिवते, भाजते आणि बाकीचे केवळ समाधान मानतात, असे असेल तर ते समाधान तिच्या कष्टांवर उभे आहे.

स्वतःपुरते थोडे आणि लोकांसाठी भरपूर, याचा महाराष्ट्राला जवळचा दाखला गाडगे महाराजांचा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या सत्पुरुषाच्या अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हाती खराटा आणि दुसऱ्या हाती गाडगे असे. ते १९५६ साली निवर्तले तोवर पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी लोकवर्गणीतून मोठमोठ्या धर्मशाळा उभ्या राहिल्या होत्या. त्यांवर त्यांनी स्वतःचा वा कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. कीर्तनातून ते लोकांना कर्ज काढून सण व लग्ने करू नका, मुलांना शाळेत घाला, असे कळवळून सांगत.

तो कळवळा आजही शिळा झालेला नाही. सोयाबीन-कापसाचे पैसे हाती येण्यापूर्वीच लग्नाचा मंडप, बँडबाजा आणि आहेराची लुगडी यांसाठी व्याजाने रक्कम उचलली जाते. चार दिवसांच्या कौतुकापोटी चार वर्षांची झोप उडते. देवस्थानाच्या पुस्तिकेत सांगणे अवघड वाटले तरी हीच गोष्ट नवसालाही लागू आहे. मुलाची फी थकवून वा सावकाराकडून रक्कम आणून वाहिलेला अभिषेक, बिनकर्जाने वाहिलेल्या एका तुळशीच्या पानाहून मोठा कसा मानावा? देणाऱ्याने आधी घरातील गरज पाहावी, मग हात सैल सोडावा. जाणत्या शेतकऱ्याच्या घरी हाच शिरस्ता असे. खळ्यावरून आलेल्या धान्यातून बियाणे आणि वर्षाची बेगमी प्रथम बाजूला निघे, त्यानंतर देवाचा वाटा काढीत, आणि उरलेल्या राशीतून दारी आलेल्या प्रत्येकाच्या झोळीत सुपाने धान्य पडे.