जीर्ण खोगीर आणि गाडीची सीट



नांदेडमध्ये देगलूर नाक्याजवळील एका मशिदीबाहेर, जुमाच्या नमाजनंतर, एका तरुणाने मला थांबवून एक प्रश्न विचारला. प्रश्न ऐकून शेजारी उभे असलेले दोघे हसले. मला मात्र तो हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. त्याने हैदराबादहून एक जुनी, दोनच सीट असलेली स्पोर्ट्स कार विकत घेतली होती. इंजिन ठणठणीत होते. परंतु सीटांचे चामडे उन्हाने तडकले होते आणि चालकाच्या सीटची कड फाटून आतील फोम बाहेर आला होता. पुढील महिन्यात लातूरला मावसभावाचे लग्न होते. "मौलाना साहेब, दोन्ही सीटा नव्याने मढवून घेतल्या तर तो इस्राफ होईल का?" असे त्याने विचारले.

इस्राफ म्हणजे उधळपट्टी. पवित्र कुरआनच्या 'अल्-फुरकान' या सूरहमध्ये अल्लाहच्या प्रिय दासांची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत खर्च करताना उधळपट्टीही न करणे आणि कंजूषपणाही न करणे, हे एक लक्षण आहे. आपण बहुधा या शिकवणीचा पहिला अर्धा भाग इतरांना ऐकवतो आणि दुसरा विसरतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनुष्याच्या सौख्याच्या गोष्टींत प्रशस्त घर व सदाचारी शेजारी यांच्याबरोबर सुखकर वाहनाचाही उल्लेख केला आहे. सांपत्तिक स्थिती चांगली असूनही फाटक्या वेशात आलेल्या एका सहाबींना, अल्लाहने दिलेल्या देणगीची खूण तुमच्या अंगावर दिसू द्या, असे त्यांनी सांगितले. म्हणून सीट फाटकी ठेवणे म्हणजेच धर्मपरायणता, असे कोणी समजू नये.

आता दुसरी बाजू पाहा. हिजरी 10 मध्ये प्रेषित (स.) हजयात्रेला निघाले, तेव्हा अरबस्तानच्या कानाकोपऱ्यातून लोक त्यांना पाहण्यासाठी, त्यांच्याकडून शिकण्यासाठी लोटले होते. एखाद्या राज्यकर्त्याने आपले वाहन शृंगारावे असा याहून मोठा प्रसंग कोणता? परंतु हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार त्यांच्या उंटावरील खोगीर जीर्ण होते आणि त्यावर अंथरलेले वस्त्र जेमतेम चार दिरहम किमतीचे, कदाचित तेवढ्याचेही नसावे. त्यावर बसून त्यांनी दुआ केली, ती ही की आपली हजयात्रा दिखावा आणि लौकिक यांपासून मुक्त असावी. पुढे स्वतः हजरत अनस (रजि.) यांनीही साध्या खोगिरावर बसून हज केले; आणि ते सांगणाऱ्याने, ते काही कंजूष नव्हते, असे मुद्दाम जोडून ठेवले आहे. ही जोड मला फार मोलाची वाटते. साधे खोगीर पाहून कोणी कंजूषपणाचा आरोप करील, ही शंका त्या काळीही लोकांच्या मनात येत होती तर!

म्हणून मी त्या तरुणाला दोन्ही सीटांविषयी वेगवेगळे विचारले. चालकाची सीट खरोखरच निकामी झाली होती. उतरता-चढता जी कड घासली जाते ती प्रथम फाटते आणि फोम दबला की कंबरेला आधार राहत नाही. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठायचे म्हणजे काही तासांचा प्रवास. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, तिला विनाकारण त्रास का द्यावा? परंतु त्यासाठी संपूर्ण सीट उसवण्याची गरज नसते. कुशल कारागीर फाटलेला तेवढा तुकडा बदलतो आणि फोम भरून देतो. प्रेषित (स.) स्वतःची पादत्राणे स्वतः शिवत असत आणि खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या खांद्यांच्या मधोमध ठिगळे पाहिल्याचे हजरत अनस (रजि.) सांगतात. दोन गोष्टी मात्र विचारून घ्याव्यात. अनेक गाड्यांत एअरबॅग सीटच्या कडेतच बसवलेली असते; तेथे चुकीची शिवण पडली तर ऐनवेळी ती उघडणार नाही. आणि चामडे कोणत्या जनावराचे आहे? डुकराचे कातडे कमावल्यानेही पाक होत नाही.

दुसरी सीट फाटलेली नव्हती, केवळ विटली होती. ती का मढवायची, असे मी विचारले. तो म्हणाला, "लातूरला सगळे नातेवाईक बघतील." मग थोडा थांबून, न विचारताच म्हणाला, "गाडी घेताना बहिणीकडून पैसे घेतले होते. ती लातूरलाच दिली आहे. तिने कधी मागितले नाहीत."

वाचकहो, प्रश्न येथे सीटचा उरला नाही. ऐपत असताना देणे लांबवणे हा प्रेषित (स.) यांनी अन्याय ठरवला आहे. कर्ज ठेवून मरण पावलेल्या एका व्यक्तीची जनाजाची नमाज पढवण्यास ते थांबले, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच त्यांनी ती पढवली. बहीण मागत नाही, हा तिचा मोठेपणा आहे. तो आपल्यासाठी मुदतवाढीचा कागद नव्हे. आणि तिच्याच दारात नव्या चामड्यावर बसून उतरायचे?

आपला हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1911 मध्ये एक रोल्स रॉइस मागवली. मागच्या बाजूस त्यांच्यासाठी सिंहासनासारखे उंच आसन होते. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्या आसनावर बसणे त्यांच्या वाट्याला आले नाही. गाडी हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आजही पाहता येते.

शेजारी हसणाऱ्यांपैकी एकाने मध्येच सुचवले की, सीटा नव्या केल्या तर उद्या गाडी विकताना भाव चांगला येईल. येऊ शकेल; मात्र जुने दोष सांगूनच ती विकावी. धान्याच्या राशीत हात घालून आतील ओल बाहेर काढणारे आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे सांगणारे प्रेषित (स.) आपल्याला ठाऊक आहेत.

त्यानंतरच्या जुमाला तो तरुण पुन्हा भेटला. चालकाच्या सीटची कड व फोम बदलून झाला होता. कारागिराची मजुरी त्याने काम संपताच चुकती केली होती. बहिणीला निम्मी रक्कम पाठवली होती, उरलेलीसाठी तारीख लिहून दिली होती. नव्या तुकड्याचा रंग जुन्याशी जुळला नाही, असे तो थोडे खट्टू होऊन म्हणाला. लातूरला तो अम्मींना घेऊन याच गाडीने जाणार होता, दुसऱ्या सीटवर घरातील धुतलेली चादर अंथरून.