दिसला तर चुकला

काम जितकं चांगलं, तितकं ते कमी दिसणार, असं असेल तर करणाऱ्याची किंमत कुणी आणि कशी ओळखायची? साडीला हाताने फॉल लावायला शिकतेय, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागलाय.

पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये ‘फॉल-पिको करून मिळेल’ हा मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून येतोच. आमच्या इमारतीतल्या अशाच एका काकूंकडून मी तुरपाई शिकतेय. सुती फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचा. नाहीतर पुढे धुण्यात तो आटतो आणि साडी ओढली जाते. खालची कड साडीच्या काठाला जोडून घ्यायची. खरी परीक्षा वरच्या कडेला. सुई फॉलमधून काढायची, साडीचे एक-दोनच धागे उचलायचे आणि पुन्हा फॉलमध्ये शिरायचं. दोरा साडीच्याच रंगाचा हवा. नेमका मिळाला नाही तर किंचित गडद घ्यायचा, कारण फिका उठून दिसतो. टाका घट्ट ओढला तर चुण्या पडतात, सैल राहिला तर जोडव्यात अडकतो.

“अगं, दिसला तर चुकला,” काकू सांगतात.

फॉल साधारण ३ मीटर लांब असतो. सेंटिमीटरला एक टाका धरला, तरी एका कडेला ३०० टाके झाले. ते सगळे नीट जमले की सुलट बाजूला काहीच दिसत नाही. मग साडी न्यायला आलेलं कुणीतरी म्हणतं, “एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?” टाके दिसत नाहीत, म्हणून ते घातलेच नाहीत असं धरून घासाघीस सुरू होते.

पण न दिसणारं काम स्वस्तच असतं, हेही खरं नाही. इथून हिंजवडीला जाणारे कितीतरी जण रात्री सर्व्हर सांभाळतात. सगळं सुरळीत चाललं तर त्यांचंही काम कुणाला दिसत नाही. तरी त्याची नोंद तिकिटात होते, तास मोजले जातात, पगार ठरलेला असतो. घरी बसून शिवणाऱ्या बाईचे तास कुठेच लिहिले जात नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या मजुरीवर काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. इतर पगारदार कामगारांसारखीच वागणूक त्यांना मिळावी, हा त्याचा गाभा. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. काकू थेट गिऱ्हाइकांचं काम घेतात, त्यामुळे त्या करारात कदाचित बसणारही नाहीत. म्हणजे त्यांची नोंद आणखीच अवघड.

यावर एक उत्तर आपल्याकडे तयार असतं: चांगलं काम करणारा नावाची, फळाची आशा धरत नाही. काकूंनाही नावाची हौस नाही. आपला टाका कुणाला सापडू नये, यातच त्यांना मजा वाटते, आणि थोडी थोडी मलाही कळू लागलीय. पण फळाची आशा सोडायला गीता सांगते ती काम करणाऱ्याला. करवून घेणाऱ्याने दुसऱ्याचं फळ स्वतःकडे ठेवून घ्यावं, अशी परवानगी त्यात नाही. माझी निरपेक्षता हा माझा गुण असू शकतो. तुमच्यासाठी ती सवलत होत नाही.

टाका लपवणं ही कला आहे, आणि ती काकूंची निवड आहे. काकूंना लपवणं ही मात्र आपली सोय आहे. शिकल्यापासून माझ्यात एवढाच फरक पडलाय की कुठलीही साडी हातात आली की मी आधी काठ उलटून बघते. उलट बाजूला एका ओळीत बारीक ठिपके असतात. दर ठरवायचा तर ते मोजून ठरवावा.