मोबाईल गुरू होऊ शकतो का?

कारंजा हे दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव आमच्याच वाशीम जिल्ह्यात आहे. माझ्या सासरी दरवर्षी गुरुचरित्राचं पारायण असतं. आणि मी शिकवते मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावला, प्राथमिकच्या मुलांना. घरी ऐकायचं की गुरूवाचून गती नाही, आणि शाळेत लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीसमोर पोरं बसवायची. हे दोन्ही एकाच माणसाने करावं का, हा प्रश्न मला सोडत नव्हता. सहकाऱ्यांना विचारलं तर म्हणायचे, ‘मॅडम, लाईन असेल तेव्हा टीव्ही, नसेल तेव्हा गुरू.’ विनोद चांगला आहे, पण उत्तर नाही.

उत्तर शोधायला मी दत्तसंप्रदायातच गेले. भागवताच्या एकादश स्कंधात यदू राजाला एक निश्चिंत अवधूत भेटतो. परंपरा त्याला दत्तात्रेय मानते. राजा विचारतो, ही बुद्धी तुला मिळाली कुठून? अवधूत चोवीस गुरूंची यादी सांगतो. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, अजगर, कबुतर, मधमाशी, कोळी आहे. हातातली किणकिणणारी कांकणं एकेक करून काढणारी मुलगी आहे. नाथांनी एकनाथी भागवतात यावर भरभरून लिहिलं आहे: कुणी गुण घ्यावा म्हणून गुरू, कुणी अवगुण टाकावा म्हणून. मला यातला बाण करणारा कारागीर सगळ्यात जवळचा वाटतो. राजाची स्वारी वाजतगाजत दारावरून गेली तरी त्याची नजर बाणावरून हलली नाही. अवधूताला त्याने एक शब्दही शिकवला नाही. आपल्याकडे कुणी बघतंय याचाही त्याला पत्ता नव्हता.

अजगर चालतो, तर मोबाईल का चालू नये? माझ्या मते चालतो. या कथेत गुरुपण शिकणाऱ्याच्या नजरेतून येतं, आणि ती नजर असेल तर क्यूआर कोडमागची चित्रफीतही पंचविसाव्या जागी बसेल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामामुळेही. आज राज्यातल्या पुस्तकांत ते कोड छापलेले असतात. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली, हे मला जास्त गुरूसारखं वाटलं. पण ते जाऊ द्या.

अडचण पुढे आहे. अवधूताचे चोवीस गुरू सगळ्या गावाला दिसत होते. कबुतरं सगळ्यांच्याच छपरावर होती. शिकला तो एकटाच. मग ती नजर त्याला कुणी दिली? यादीत त्या देणाऱ्याचं नाव नाही. तिसरीतलं लेकरू ती नजर घेऊन येत नाही, आणि आमच्याकडे तर बंजारा तांड्यावरची काही मुलं घरी गोरमाटी बोलतात. चित्रफितीतली गुळगुळीत प्रमाण मराठी त्यांच्या कानावरून निघून जाते.

बी रुजण्याची एक सुंदर चित्रफीत आहे. काही सेकंदांत मूळ, कोंब, पान. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आधी काय बाहेर आलं, असं विचारल्यावर वर्गात निम्मी पानं निघाली आणि निम्मी मुळं. पुढच्या वेळी मी बी फुगल्याबरोबर चित्र थांबवलं आणि विचारलं, आता काय होईल? भांडण लागलं. त्यात मागून एक पोरगा म्हणाला, ‘मॅडम, बी उलटं पेरलं त मूळ वरतं जाईन काय?’

चित्रफितीत याचं उत्तर नव्हतं. सोयाबीन आमच्याकडे घरोघरी. काचेच्या ग्लासात कडेने ओला कागद लावला, त्यात दाणे अडकवले, काहींचा काळा डोळा वर, काहींचा खाली. रोज मुलांनीच माझ्या मोबाईलवर फोटो काढले. मूळ डोळ्यापाशी फुटलं, आणि वर फुटलेलं मूळही वळून खालीच गेलं. फोटो ओळीने लावून आम्ही आमची चित्रफीत केली. तिच्यात एका मुलाचं बोट सारखं मध्ये येतं. पोरं तीच पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. ‘त्याले कसं समजते खालतं जायाचं?’ हा प्रश्न अजून वर्गात आहे. झाडाला जमिनीची ओढ कळते, एवढं मी सांगितलं. पेशींपर्यंत मोठ्या वर्गात जातील.

यंत्रात नेमकं काय नसतं, हे मला गाडगेबाबांनी दाखवलं. बाबा आमच्या वऱ्हाडातले, शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. उत्तर लोकांनी द्यायचं आणि त्या उत्तराला धरून बाबा पुढे जायचे. निधनाच्या काही आठवडे आधी, 1956 साली, वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. 20 डिसेंबरला पुण्यतिथीच्या दिवशी ते मुलांना ऐकवलं. बाबांनी विचारलं की वर्ग ओरडून उत्तर द्यायचा. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, ‘ते आपलं ऐकतच नाहीत.’ खरंच होतं. बाबा तेव्हाच्या माणसांचं ऐकून पुढे जात होते. ध्वनिमुद्रण प्रश्न जपतं, पण आज समोर बसलेल्याच्या उत्तरासाठी थांबणं त्याला शक्य नाही. प्रश्नाला उत्तर देणारी यंत्रंही आता आली आहेत. पण ज्याला विचारायचंच सुचलेलं नाही, त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघून कुठे थांबायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं.

म्हणून शिक्षकाची वाढ मी बटणं किती येतात यावर मोजत नाही. बटणं तर मला चौथीतल्या मुलींनी शिकवली. कुठे थांबवायचं, काय विचारायचं, कोणत्या उत्तराला घाई करायची नाही, हे शिकायला वेळ लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. अपेक्षा रास्त आहे. पण यातले बरेच तास आम्ही भाकरी थापताना मोबाईल भिंतीला टेकवून पूर्ण करतो. प्रमाणपत्र येतं, आणि सोमवारी वर्ग होता तसाच असतो. बाण करणाऱ्याने प्रशिक्षण दिलं नव्हतं. तो आपलं काम करत होता आणि कुणीतरी उभं राहून ते नीट बघत होतं.

तेव्हा प्रशिक्षणं आखणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. त्या पन्नासातले निम्मे तास आम्हाला शेजारच्या गावातल्या एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या वर्गात, मागच्या बाजूला, मुलांबरोबर सतरंजीवर बसू द्या. वही आम्ही आमची आणू.