पश्चिमदारी उभा आहे

देवा गजानना, आंबा घाट उतरून पुळ्याला आलोय. पहाटे चारला कोल्हापूर सोडलं, बायको-पोरं बरोबर आहेत. ती खाली पुळणीवर थांबलीत. पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नका म्हणून बजावलंय. आमच्याकडची माणसं तुझ्या समुद्राला पंचगंगा समजतात, तेवढं लक्ष असू दे.

प्रदक्षिणा झाली. अख्ख्या डोंगराला फेरा, कारण डोंगर म्हणजेच तू. चढाचं काही वाटलं नाही, उतरताना मात्र उजवा गुडघा कटकट वाजत होता. मागून येणाऱ्या एक म्हाताऱ्या आजी मला ओलांडून पुढं गेल्या. उंदराच्या कानात काही सांगितलं नाही. रांग होती, आणि माझं म्हणणं जरा लांबलचक आहे.

घरची अंबाबाई आहे, डोंगरावर जोतिबा आहे, मग तुझ्याकडं का आलो? तुला पश्चिमद्वारदेवता म्हणतात म्हणून. पाठीशी डोंगर घेऊन, समुद्राकडं तोंड करून तू दार राखत बसलायस. मीही सोळा हंगाम दारच राखलं. शाहू स्टेडियमवर, चार नंबरच्या जर्सीत, गोलीच्या पुढं. ती जर्सी आणलीय, पण गाडीतच ठेवली. देवळात आणायची लाज वाटली.

माझ्या तालमीचं नाव घेत नाही, तुला माहीत आहे. आमच्याकडं फुटबॉलच्या संघालाही तालीमच म्हणतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमी, त्यांच्याच नावानं पोरं फुटबॉल खेळायला लागली. त्यामुळं आमच्यात सामना अकरा जण हरत नाहीत, पेठ हरते. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेलं तरी दूधवाला स्कोअर सांगतो.

शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे, फेटलिंगला. कास्टिंगच्या कडा ग्राइंडरनं घासायच्या. मॅच असली की फर्स्ट शिफ्ट मागून घ्यायची, सुटलं की पिशवी उचलून थेट मैदान. नाकातली काळी भुकटी वॉर्मअपला निघायची. आयर्लंडच्या फुटबॉलमधल्या खालच्या विभागातही असंच असतं म्हणे. दिवसभर नोकरी, शुक्रवारी रात्री सामना, आणि गावच्याच संघाला वर्षानुवर्षं चिकटलेला एखादा बॅक. त्याचं-माझं दुखणं एकच असणार. माझ्या गुडघ्यावर हात फिरवशील तेव्हा त्याच्याही फिरव, भाषा येत नसली तरी त्याला कळेल.

जिंकलो की गुलाल आधी गोल मारणाऱ्याच्या डोक्यावर. माझ्यापर्यंत येईस्तोवर पोतं रिकामं. रात्री अंघोळीला बसलो की बादलीतलं पाणी जेमतेम गुलाबी व्हायचं. याची तक्रार नाही. बॅकचं नाव निघतं ते चुकला तरच.

माझं निघालं. सेमी फायनल होती, शेवटची पाच मिनिटं. उजवीकडून क्रॉस आला, मी घसरत पाय घातला, चेंडू नडगीला लागला आणि आपल्याच जाळ्यात. गोली एक शब्द बोलला नाही, नुसता वाकून चेंडू काढायला गेला. ते वाकणं अजून दिसतं. दोन दिवसांनी चौकात एकानं हसत विचारलं, "किती घेतलेस?"

देवा, तू गुळ्याला होतास, कुणाचा तरी शब्द लागला आणि उठून पुळ्याला आलास, असं सांगतात. म्हणजे तूही एकदा ट्रान्सफर घेतलीस. रागावू नको, प्रदक्षिणा घालताना हे मनात आलं आणि हसू आलं. मला शब्द लागला तरी मी गेलो नाही. म्हणून परवा मंडळानं सत्कार केला. फेटा, शाल, नारळ. भाषणात मला निष्ठावंत म्हणाले, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

खरं काय ते इथं सांगतो. मला बाहेरून विचारणा दोनदा झाली. पहिल्यांदा नाही म्हटलं ते तालमीवरच्या मायेनं. दुसऱ्यांदा पैसे चांगले होते, घराचं छप्पर गळत होतं, बायकोनं तोंडानं विचारलं नाही पण वाट बघत होती. तेव्हा नाही म्हटलं ते भीतीनं. गल्लीतून मान वर करून चालता आलं नसतं. पावसाळाभर घरात तीन पातेली मांडलेली होती. त्या नकाराचा फेटा माझ्या डोक्यावर नको, तो तू काढून घे.

आता मागायला आलोय ते माझ्यासाठी नाही. माझ्या जागेवर तयार केलेला पोरगा आहे, एकोणीस वर्षांचा. हेडिंगला उडी कधी घ्यायची ते त्याला मी शिकवलं. तो पुढच्या हंगामाला दुसऱ्या तालमीत चाललाय. घरावर कर्ज आहे, आणि तिथं त्याची किंमत होतेय. पोरांनी मोबाइलवर स्टेटस ठेवायला सुरुवात केलीय, 'गद्दार'. मला म्हणाले, तुम्हीच त्याला चार शब्द सुनावा, तुमचं वजन आहे. माझं वजन कशाचं, ते तुला आत्ताच सांगितलं.

आमचा अनिकेत जाधव कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, आणि 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तेव्हा पेठापेठांनी छाती फुगवली. जाणाऱ्याचं कौतुक दिल्लीपर्यंत गेला तरच करायचं, शेजारच्या पेठेत गेला तर दगड, हा आमचा न्याय, देवा. यात मीही होतो. स्टेडियममध्ये बाटल्या पडल्या तेव्हा मी टाकली नाही, पण टाकणाऱ्याचा हातही धरला नाही.

तो समोरच्या जर्सीत उतरेल त्या दिवशी आमच्या बाजूनं त्याच्या अंगावर काही येऊ देऊ नको. त्याच्या आईला गल्लीत कुणी टोकू नये. मला तेवढा धीर दे, की मी उठून पोरांना खाली बसवीन. त्यांनी मला म्हातारा म्हटलं तरी चालेल. सामना कुणी जिंकावा ते मागत नाही. त्या तालमीची माणसंही तुझ्याच दारात येतात, आणि खिचडीच्या रांगेत आमच्या मागेपुढेच असतात.

आणि एक राहिलं. कॉर्नर आला की तो पोरगा नुसता चेंडूकडं बघत राहतो, पाठीमागचा माणूस सोडतो. माझं ऐकत नाही. तेवढं तू त्याला सांग.