तुपाची वाटी

पंढरपुरात महाद्वाराजवळ एका आजींचं चुरमुरे, पेढे आणि तुळशीच्या माळांचं दुकान होतं. फळीखाली त्यांचा कुत्रा मोत्या बसलेला असे. आषाढीला आलेला प्रत्येक जण त्याला ‘माउली’ म्हणत काहीतरी घाली. कुणी पेढा, कुणी भाकरी, द्वादशीला कुणी पुरणपोळी. रात्री आजी त्याला तुपात भिजवलेली भाकरी घालत. कुणी टोकलं तर नामदेव पायरीकडे बोट दाखवत.

“कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले. मग मी माझ्या लेकराला कोरडी घालू होय?”

कार्तिकीला मोत्या चार पावलांत धापा टाकू लागला. चंद्रभागेच्या वाळवंटात बागडणारा तो, आता घाटाच्या पायऱ्या बघूनच खाली बसायचा. लोक म्हणत, “कसा गुटगुटीत झालाय!” आजींना बरं वाटे. नातीला मात्र राहवेना. ती आजींसह त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी आजींचा हात मोत्याच्या कुशीवर ठेवला. “बरगड्या लागतात का?”

बोटं रुतली, पण बरगडी काही लागेना.

“आजी, हलक्या हातानं चाचपलं तरी बरगड्या कळायला हव्यात. वरून पाहिलं की कंबर दिसायला हवी. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर कुत्री जन्मभर अभ्यासली. 2002 मध्ये निष्कर्ष आला. पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री भरपूर खाणाऱ्या भावंडांपेक्षा जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले.”

“मग उपाशी ठेवू त्याला?”

“अजिबात नाही. लिहून देतो ते खाद्य दोन वेळा मोजून घाला आणि रोज फिरवा. आठवड्याला वजनाचा शंभरावा हिस्सा उतरला तरी पुष्कळ. पेढे बंद. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कांदा-लसणानं रक्त कमी होतं. ते तर तोंडालाही लावू नका.”

दुसऱ्या दिवशी एका वारकऱ्यानं मोत्यापुढं भाकरी धरली. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी उभी असलेली, पिलांना पाजून वाळलेली कुत्री आजींना दिसली. तिची एकेक बरगडी लांबूनही मोजता येत होती. ती रोजच तिथं असायची, पण तिच्याकडं आजवर कुणी वळलं नव्हतं.

आजी नातीला म्हणाल्या, “महाराज ज्याच्यामागं धावले ते कुत्रं भुकेलं होतं गं. त्यांनी आधी भूक पाहिली, मग वाटी उचलली. मी नुसती वाटीच धरून बसले.”

त्यांनी ती भाकरी कुत्रीपुढं ठेवली. नातीनं फळीवर पाटी लावली : ‘मोत्या जेवला आहे. भाकरी बोळातल्या आईला द्या.’ लोक देऊ लागले. पिलं बाळसं धरू लागली. चैत्री वारीपर्यंत मोत्याची धाप गेली आणि तो पुन्हा वाळवंटात उतरू लागला.

मुक्या जिवाला घास घालण्याआधी त्याची भूक पाहावी. केवळ आपल्या मनाच्या समाधानासाठी भरवलेला घास त्याचं आयुष्य कमी करतो. भुकेल्याच्या मुखी पडलेला घासच देवाला पोचतो.